आपल्यात शिवत नाहीत

यशोदा ज्या बाईवर जळायची, ती तिच्या अंगणापासून बावीस पावलांवर राहत होती. मधल्या विहिरीला वळसा घालावा लागे म्हणून बावीस, नाहीतर अठराच झाली असती. माणिकपूरच्या मागच्या अंगाला जी थोडीफार वाडी बिल्डरांच्या तावडीतून अजून सुटली आहे, तिथं विहिरीच्या या बाजूला यशोदेचं घर आणि त्या बाजूला मॅग्डलीनचं. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली. दोघींत भांडण कधीच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, एकदा कडाकडा भांडून मोकळं तरी होता आलं असतं. पण मॅग्डलीन भांडायचीच नाही. हा तिचा पहिला गुन्हा.

दुसरा गुन्हा म्हणजे तिच्या हाताला यश होतं. यशोदेचा मोगरा पावसाळ्यात कुजायचा, मॅग्डलीनचा तसाच फुलत राहायचा. यशोदेच्या भाकरीला चीर पडायची, मॅग्डलीनची टम्म फुगायची. आणि मॅग्डलीनकडे माहेरून आलेलं पायाचं शिलाई मशीन होतं. यशोदेकडे नुसती सुई. हातशिलाईत यशोदाही कमी नव्हती, पण मशीनचा आवाज आळीभर ऐकू जातो आणि सुईचा आवाज कोणाला येतो? बायका झबली-टोपडी शिवून घ्यायला निघाल्या की विहिरीला वळसा घालून सरळ पलीकडे जायच्या. यशोदा ओट्यावर बसून भाजी निवडत बघायची आणि निवडलेली पानं कचऱ्यात टाकून देठं टोपात टाकायची.

“तुला जळायला काडीसुद्धा लागत नाही,” गंगाराम म्हणायचा. गंगाराम तिचा नवरा. “आपोआप पेटतेस.”

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला तिच्या हातचं लोणचं आवडतं ना, मग तुम्ही बोलूच नका.”

चाळीस वर्षं हे असं चाललं. पण खरी आग लागली ती हेमालीच्या आठव्या महिन्यात.

हेमाली ही यशोदेची सून, मयूरची बायको. मूळची केळव्याची. तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली. त्यामुळे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं ते कुणाकडे, असा प्रश्न आला तेव्हा यशोदाच पुढे झाली. “माझ्याकडेच राहायचं. आई पण मीच आणि सासू पण मीच,” असं तिने ठणकावून सांगितलं आणि नायगावच्या टॉवरमधल्या चौदाव्या मजल्यावरून सुनेला उचलून वाडीत आणलं. मनातून तर तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आईकडची आजी मध्ये नाही, वाटेकरी नाही. बाळाची आजी एकच. ती, यशोदा.

मयूरने टॉवरमधल्याच कोणाकडून एक वापरलेला लाकडी पाळणा मिळवला होता. कठडा होता, खाली चाकं होती, एक पट्टी तेवढी सैल होती. त्यात घालायचं अंथरूण-पांघरूण मात्र नव्हतं. हेमालीने दुकानात जाऊन बघितलं आणि किंमत ऐकून तशीच परत आली. एका छोट्या गादीची चादर, कडेचं पॅडिंग, एक उशी आणि गोधडी, सगळं एका रंगात, आणि त्याला मयूरचा अर्धा पगार. मग तिने मोबाइलवर बघून ठरवलं की हे सगळं घरी शिवायचं. उरलेसुरले तुकडे, जुनं मऊ सूत, चादरीच्या चार कोपऱ्यांना इलॅस्टिक. असं काही अवघड नव्हतं.

दुपारच्या चहाला ती यशोदेशेजारी येऊन बसली आणि फोटो दाखवला. “आई, हे आपण घरीच शिवू या का? मॅग्डलीन मावशीला विचारलं मी. ती म्हणाली, कापड आधी रात्रभर भिजवून वाळवायचं आणि मगच बेतायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं.”

यशोदेने फोटो बघितलाच नाही. तिच्या कानात दोनच शब्द अडकले. पहिला, ‘विचारलं’. म्हणजे आधी तिकडे विचारून झालं, मग सासूची पाळी. आणि दुसरा, ‘ती’.

हा ‘ती’ काय प्रकार आहे तो समजून घ्या. हेमाली सासूला ‘आई’ म्हणायची, पण बोलायची ‘तुम्ही’ करून. “आई, तुम्ही जेवलात का? आई, तुमचा चष्मा.” यात चूक काहीच नाही, सुना तशाच बोलतात. पण पलीकडच्या बाईला तिने आल्याच्या आठवड्यात मावशी केलं. आणि मावशीला कोणी ‘तुम्ही’ म्हणतं का? “मावशी, तू बस. मावशी, तुझ्या हातचं इंदेल वाढ ना.” आईला ज्या जिभेने बोलतात त्याच जिभेने. यशोदेला ते विहिरीच्या या बाजूला स्वच्छ ऐकू यायचं, कारण जळणाऱ्या माणसाचे कान फार तिखट असतात.

यशोदेने कप खाली ठेवला. “आपल्यात मूल जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी सुईदोऱ्याला हात लावत नाहीत.”

“असं असतं?”

“असतं म्हणजे? पहिल्यापासून आहे. या घरात तर नाहीच नाही.”

हेमालीने मान डोलावली. आईविना वाढलेली मुलगी, तिला कोण सांगणार कुठली रीत खरी आणि कुठली आत्ताच चहाबरोबर तयार झाली. आणि यशोदेलाही त्या क्षणी बोलून फार बरं वाटलं. आता नातवाच्या पाळण्यात मॅग्डलीनचा टाका पडणार नाही. बाळ झालं की ती स्वतः बसेल, सुई घेईल, आणि हवं ते सगळं शिवेल.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि पलीकडून मशीनचा आवाज सुरू झाला. यशोदा दारात आली. हेमाली पोट सांभाळत मॅग्डलीनच्या ओट्यावर बसली होती आणि मॅग्डलीन मशीनवर. संध्याकाळी सून घरी आली ती खुशीत.

“काय चाललं होतं तिकडे?” यशोदेने विचारलं, विचारल्यासारखं न करता.

“चादर शिवली, आई. तुम्ही म्हणालात ना, या घरात नाही. मग मी मावशीला विचारलं, तुमच्यात चालतं का? ती हसली आणि म्हणाली, आमच्यात चालतं. झालेलं सगळं तिकडेच ठेवणार आहे, इथं एक दोरा आणणार नाही. तुम्ही काळजी करू नका.”

स्वतःच्याच तोंडाने खणलेल्या खड्ड्यात यशोदा उभी होती, आणि सून वरून वाकून विचारत होती, आई, बरं आहे ना?

त्यानंतरचा महिना यशोदेचा कसा गेला ते तिलाच माहीत. रोज दुपारी मशीन चालायचं आणि रोज दुपारी तिचं डोकं चढायचं. एकदा ती पलीकडची वाटी परत द्यायच्या निमित्ताने गेली. मॅग्डलीनने कापडावर पटकन टॉवेल टाकला. “ये ना बाय, बस,” म्हणाली. यशोदा बसली नाही. माझ्या नातवाचं अंथरूण माझ्यापासून लपवते, आणि वर मलाच बस म्हणते! घरी येऊन तिने गंगारामला सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “मग जाऊन सांग ना, की रीतबीत काही नाही, मी रागात बोलले.” यशोदा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

हेमालीवरही राग निघायचा, पण आडून. चार जुनी सुती पातळं यशोदेने तिच्याकडे दिली होती. “बोहारीण येईल तेव्हा मी देते, एक चांगला स्टीलचा डबा घेते,” असं सून म्हणाली होती. बोहारीण दोनदा येऊन गेली, डबा काही दिसला नाही.

“काय गं, माझ्या पातळांचा डबा कुठाय?”

“येईल, आई.”

“येईल म्हणजे? चालत येणार आहे का?”

हेमाली नुसती हसायची. यशोदेच्या मनात यायचं, मावशीसाठी वेळ आहे, माझ्या डब्यासाठी नाही.

शेवटी तिने काय करावं? स्वतःचीच रीत स्वतः मोडली. बाजारात गेली आणि नवं कोरं पिवळं कापड घेऊन आली, फुलाफुलांचं, चांगलं महागाचं. ते कपाटात साड्यांखाली दडवून ठेवलं. बाळ झालं की यातून गोधडी शिवणार, आणि ती मॅग्डलीनच्या गोधडीच्या वर पडणार. वर म्हणजे वर.

मुलगी झाली. मंगळवारी सकाळी. मयूरने हॉस्पिटलमधून फोन केला तेव्हा यशोदा रडली, गंगाराम रडला, आणि पलीकडून मॅग्डलीन धावत आली तीही रडली. यशोदेला वाटलं, हिला रडायचं काय कारण?

बुधवारी दुपारी मॅग्डलीन एक गाठोडं घेऊन आली. “सगळं धुऊन वाळवलंय. तू पाळण्यात घालून ठेव. उद्या-परवा येईल पोर घरी.” गाठोडं यशोदेच्या हातात देऊन ती देवळात निघून गेली. चर्चमध्ये तिची कुठलीशी नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, चालू होती.

गंगाराम हॉस्पिटलात डबा घेऊन गेला होता. घरात कोणी नव्हतं. यशोदेने गाठोडं सोडलं. चादर कोपऱ्यांना इलॅस्टिक घालून अशी नीट बसवलेली की एक सुरकुती नाही. कडेच्या पॅडिंगला बांधायला नाड्या. चपटी छोटी राईची उशी, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. सगळं इतकं चांगलं होतं की यशोदेला एकही खोड सापडेना, आणि त्यामुळे तिचा जीव आणखीच जळाला.

सगळ्यात खाली गोधडी होती. ती उलगडली मात्र, आणि यशोदेच्या डोळ्यांपुढे लालच लाल आलं. गोधडीचं वरचं, दोन्ही बाजूंचं कापड म्हणजे मॅग्डलीनचं जुनं लुगडं. लाल चौकड्यांचं, वापरून वापरून लोण्यासारखं झालेलं. ती रविवारी चर्चमध्ये मिसाला जाताना नेसायची तेच. हे लुगडं यशोदा कुठेही ओळखली असती.

माझी नात हिच्या लुगड्यात निजणार! माझ्या घरात, माझ्या मयूरच्या पाळण्यात, आणि कूस बदलली की गालाला लागणार ते हिचं कापड!

तिने शिवणाच्या डब्यातून कात्री काढली. कापायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. नुसतं वरचं लाल सोडवायचं आणि त्या जागी आपलं पिवळं लावायचं. आत भर काय असेल ती असू दे, वरचं तेवढं आपलं असायला हवं. कात्रीचं टोक तिने शिवणीत घातलं आणि टाके उसवायला सुरुवात केली. एक, दोन, दहा. मॅग्डलीनचे टाके तरी काय, मुंगीच्या पावलांएवढे. हातभर शिवण उसवली तेव्हा लाल कापड बाजूला झालं आणि आतून अबोली रंग डोकावला.

यशोदेचा हात थांबला.

अबोली सुती पातळ. तिने बोट घालून ते थोडं बाहेर ओढलं. त्यावर पांढऱ्या दोऱ्याने केलेला रफू होता, रुपयाएवढा गोल. मयूरला दात येत होते तेव्हा त्याने पदर चावून चावून भोक पाडलं होतं. अबोली दोरा घरात नव्हता म्हणून तिने पांढऱ्यानेच रफू केला होता, हे तिला काल घडल्यासारखं आठवलं. तिने आणखी बोट घातलं. अबोलीखाली हिरवं. हिरव्याखाली तिचं निळ्या काठाचं. तळाला ते राखाडी, सासू गेली त्या वर्षी घेतलेलं. चारही.

डबा येईल म्हणून सून हसत होती, तो डबा हा होता.

यशोदा पाळण्याच्या कठड्याला धरून खाली बसली. आधी तिला रडू आलं, मग एकदम धसका बसला. हातभर शिवण उसवलेली! पोर उद्या-परवा येणार, आणि हे असं बघितलं तर? ती उठली, सुई घेतली, दोरा घेतला. दोरा सुईत जाईना. डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणून ढकललेलं. थुंकी लावली, टोक कापलं, खिडकीशी गेली, उन्हात उभी राहिली. सुईचं नेढं कुठाय तेच दिसेना. दहा वेळा, वीस वेळा. दोरा आपला नेढ्याच्या शेजारून निघून जाई.

आळीत दोरा ओवून देणारं कोण? एकच.

बावीस पावलं चालायला तिला तेवढा वेळ कधी लागला नव्हता. मॅग्डलीन देवळातून येऊन माळ खुंटीला लावत होती. यशोदेने गोधडी तिच्यासमोर खाटेवर टाकली आणि सुई पुढे केली. “दोरा ओव.”

मॅग्डलीनने उसवलेली शिवण बघितली. बोट फिरवलं. “ही सुटली नाही. उसवलीय.”

“हो. मी उसवली.”

“का?”

“तुझं लुगडं काढून टाकायचं होतं.” खोटं बोलायला यशोदेला आता त्राण नव्हतं. “माझी नात तुझ्या लुगड्यात का निजावी? मेला महिनाभर तुझं ते मशीन ऐकतेय मी. मला वाटलं सगळंच तुझं आहे.”

मॅग्डलीन खाटेवर बसली. मग म्हणाली, “हेमालीने चार पातळं आणली तेव्हाच म्हणाली होती, मावशी, सगळी गोधडी आईंच्याच कापडाची करायची. वर तुझं अबोलीच घालायचं ठरलं होतं. मीच मागून घेतलं. म्हटलं, चार थर तिचे आहेत ना, एक माझा घे. माझ्या सॅन्टनचा मुलगा, माझा नातू, तिकडे कॅनडात तीन वर्षांचा झाला, त्याने माझं कापड अंगावर घेतलं नाही. तिकडे दुकानातून सगळं येतं. कोणी मागितलंच नाही माझ्याकडे.” तिने सुई घेतली आणि एका फटक्यात दोरा ओवला. “तुझी सून तुझी जुनेरी मागून नेते, धुते, हुंगते, आणि माझ्या घरी येऊन बसते. महिनाभर बघतेय मी. जळत होते मी तुझ्यावर, यशोदा. बोलले नाही एवढंच.”

चाळीस वर्षांत यशोदेवर कोणी जळलं नव्हतं. निदान कोणी सांगितलं तरी नव्हतं. तिला लाज वाटली, वाईट वाटलं, मॅग्डलीनचा हात धरावासा वाटला. आणि खरं सांगायचं तर या सगळ्याच्या खाली कुठेतरी थोडं बरंही वाटलं. आता त्याला काय करणार, सवय एका दुपारात जात नाही.

“तू तिला सांगितलं का नाहीस,” तिने विचारलं, “की आमच्यात अशी रीत नाही म्हणून? तुला तर माहीत होतं.”

“माहीत नसायला काय झालं? मयूरची सात दुपटी तू आठव्या महिन्यात शिवलीस. दोरे कोणी ओवून दिले?”

यशोदेने खाटेवरची गोधडी आपल्याकडे ओढून घेतली.

“सासूला सुनेसमोर खोटं पाडायचं काम माझं नाही,” मॅग्डलीन म्हणाली. “घे. तूच शीव. तू उसवलंस.”

यशोदेने शिवलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांना जेवढं कळलं तेवढं. लाल कापड तिने परत जागेवर बसवलं आणि वरून टाके घातले. मॅग्डलीनच्या मुंगीच्या पावलांपुढे तिचे टाके बैलाच्या पावलांसारखे, वाकडे, मोठे, एक इकडे, एक तिकडे. पिवळं कापड कपाटातच राहिलं.

बारशाला आळी जमली होती. घुगऱ्या वाटून झाल्या, कानात नाव सांगून झालं, नेत्रा. हेमालीने लेकीला पाळण्यात निजवलं आणि लाल गोधडी अंगावर ओढताना तिचा हात कडेला अडखळला. तिने वाकून बघितलं. यशोदा तिच्या शेजारीच उभी होती.

“मावशी, हा टाका तुझा नाही,” हेमाली म्हणाली. “हे काय झालं इथे?”

यशोदा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मॅग्डलीन म्हणाली, “ते होय? शेवटची शिवण आम्ही मोकळी ठेवतो. ती बाळाच्या आजीनेच घालायची असते. आमच्यात तशी रीत आहे.”

अशी रीत मॅग्डलीनच्यात नाही. पाचूबंदरपासून आगाशीपर्यंत कोणाच्यातच नाही. चाळीस वर्षं शेजारी राहिलेल्या यशोदेला एवढं कळत होतं. आणि किती सहज बोलून गेली, डोळ्याची पापणी न हलवता! यशोदेची रीत कशी चरचरीत निघाली होती, आणि हिची बघा. लबाडीसुद्धा मेलीला आपल्यापेक्षा चांगली जमते.

हेमालीने ते वाकडे टाके बोटाने एकेक चाचपले. मग मान वर केली. तिचे डोळे भरले होते.

“आई,” ती म्हणाली, “हे तू शिवलंस?”

‘तू’. सगळ्या आळीसमोर.

खरं सांगायचं यशोदेने मनाशी ठरवलं होतं, अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने पाळण्याच्या पलीकडे मॅग्डलीनकडे बघितलं. मॅग्डलीन घुगऱ्या खात होती.

“हो बाळा,” यशोदा म्हणाली. “मीच.”